नाकावाटे लस : पुण्यातली प्रयोगशाळा आणि बल्लभगढची गावे

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लूएन्झाची साथ शहरात शिरली तेव्हा तिचे कारण कोणालाच नेमके ठाऊक नव्हते. पहिली लाट सौम्य होती, सप्टेंबरपासून आलेली दुसरी लाट भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पुढच्या काही महिन्यांत साथ रेल्वेमार्गांनी देशभर पसरली. हिंदुस्थानातल्या एकूण बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात, आणि जगात दुसऱ्या कोणत्याही देशाने या साथीत एवढी माणसे गमावली नाहीत.

त्या काळी वैद्यकाचा समज असा होता की हा आजार रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये वर्णन केलेल्या जिवाणूमुळे होतो. त्यामुळे १९१८-१९ मध्ये जगभर ज्या लशी टोचल्या गेल्या त्या रुग्णांच्या घशात आणि फुप्फुसांत सापडणाऱ्या जिवाणूंपासून केलेल्या होत्या. मूळ रोगावर त्यांचा उपाय चालणे शक्यच नव्हते. खरे कारण १९३३ मध्ये लंडनमध्ये उघड झाले. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातले पाणी जिवाणू गाळून टाकणाऱ्या गाळणीतून काढले आणि ते फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडले. फेरेटला ताप आला, शिंका सुरू झाल्या. गाळणीतून पार होणारा, म्हणजे जिवाणूपेक्षा फार लहान असा विषाणू हाती लागला.

पुढच्या काही वर्षांत हा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवता येतो हे कळले आणि लशीची वाट मोकळी झाली. अमेरिकेत टॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी अंड्यात वाढवून फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस तयार केली. दुसऱ्या महायुद्धात ती सैनिकांना दिली गेली आणि १९४५ मध्ये सर्वसामान्यांसाठी मंजूर झाली. दंडात टोचायची ही निष्क्रिय लस आजही जगात सर्वाधिक वापरली जाते.

दोन वाटा

इन्फ्लूएन्झाचा विषाणू शरीरात नाकातून आणि घशातून शिरतो आणि प्रामुख्याने श्वसनमार्गाच्या अस्तरातच वाढतो. दंडात टोचलेल्या लशीमुळे रक्तात आयजीजी प्रकारचे प्रतिपिंड तयार होतात. ते झिरपत फुप्फुसांपर्यंत पोहोचतात आणि गंभीर आजार रोखण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. नाकाच्या ओलसर अस्तरावर पहारा देणारे प्रतिपिंड मात्र वेगळे, आयजीए प्रकारचे. ते तिथल्याच पेशींतून स्रवतात आणि विषाणूला आत शिरण्याआधीच धरतात. नैसर्गिक संसर्गात दोन्ही प्रकारचे प्रतिपिंड तयार होतात, शिवाय संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशीही जाग्या होतात. तेव्हा जिवंत पण दुबळा केलेला विषाणू नाकातच सोडला तर शरीराला खऱ्या संसर्गाचा धडा मिळेल आणि आजार मात्र होणार नाही, हा विचार १९३० च्या दशकातच पुढे आला. सोव्हिएत संघात अनातोली स्मोरोदिन्त्सेव यांनी लेनिनग्राडमध्ये तो प्रत्यक्षात उतरवायला सुरुवात केली.

अडचण होती विषाणू खात्रीने दुबळा करण्याची. ती सुटली तापमानाच्या आधारे. माणसाच्या नाकात तापमान ३३ अंश सेल्सियसच्या आसपास असते, तर फुप्फुसांत ३७. विषाणू २५ अंशांवर पुन्हापुन्हा वाढवत नेला की त्याला थंडीची सवय होते आणि उष्णता सोसेनाशी होते. असा विषाणू नाकात तग धरतो, पण खाली फुप्फुसांत गेला की वाढू शकत नाही. अमेरिकेत हुनेन मासाब यांनी १९६० मध्ये अ‍ॅन आर्बर इथे सापडलेल्या विषाणूवर हे काम केले आणि १९६७ मध्ये ते प्रसिद्ध केले. लेनिनग्राडच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेने १९५७ च्या साथीतला विषाणू याच रीतीने तयार केला.

या दोन विषाणूंना मूळ दाते म्हणतात. इन्फ्लूएन्झाची जनुके आठ तुकड्यांत विभागलेली असतात. दरवर्षी फिरणाऱ्या नव्या विषाणूचे दोन तुकडे, म्हणजे हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज ही बाहेरची प्रथिने बनवणारे, आणि दुबळ्या दात्याचे उरलेले सहा तुकडे एकत्र केले की त्या वर्षीची जिवंत लस तयार होते. रशियात अशी लस अनेक दशके वापरात राहिली. अमेरिकेत मासाब यांच्या विषाणूवर आधारलेली फ्लूमिस्ट ही फवाऱ्याची लस २००३ मध्ये मंजूर झाली.

पुण्याची तयारी

भारतात विषाणूंच्या शास्त्रीय अभ्यासाला संस्थात्मक रूप आले ते पुण्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये तिथे विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. सुरुवातीचे काम डास आणि गोचिडांमधून पसरणाऱ्या विषाणूंवर होते. १९७८ मध्ये केंद्राचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. पुणेकर तिला एनआयव्ही म्हणूनच ओळखतात. याच काळात खोर्शेद पावरी संस्थेच्या संचालक झाल्या, आणि पुण्यात १९८० मध्ये आलेल्या इन्फ्लूएन्झाच्या साथीचा बी. एल. राव, पावरी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. एका भारतीय शहरात हा आजार कधी येतो, कोणाला होतो आणि कोणता विषाणू सापडतो, हे त्यात शिस्तीने नोंदले होते. भारतातल्या फ्लूच्या लशीविषयी पुढे जे प्रश्न उभे राहिले त्यांची उत्तरे याच प्रकारच्या नोंदींतून निघणार होती.

लशीच्या उत्पादनाचा धागा पुण्यातच, हडपसरला. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. धनुर्वाताची प्रतिविषे, गोवराची लस अशा स्वस्त आणि मोठ्या प्रमाणावर लागणाऱ्या लशींवर ही कंपनी वाढली. फ्लूच्या लशीला भारतात मागणी जवळपास नव्हतीच. हा श्रीमंत, थंड देशांचा आजार आहे, आपल्याकडे तो साधा सर्दी-ताप, असा समज डॉक्टरांतही होता.

परिस्थिती बदलली ती बर्ड फ्लूमुळे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर परिसरातल्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने तो एच५एन१ विषाणू असल्याचे सांगितले. देशात हा विषाणू सापडण्याची ती पहिली वेळ. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आदिवासी भागातल्या लोकांची तपासणी झाली, पण माणसात संसर्ग आढळला नाही. तरी प्रश्न उभा राहिलाच : हा विषाणू माणसात पसरू लागला तर लस कोण बनवणार आणि कोणाला मिळणार? जगातली बहुतेक फ्लूची लस मोजक्या श्रीमंत देशांत तयार होत होती. २००७ च्या सुरुवातीला इंडोनेशियाने विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले, कारण त्या नमुन्यांवरून परदेशी कंपन्या लशी करतील आणि त्या इंडोनेशियाला परवडणार नाहीत, अशी तिथल्या आरोग्यमंत्र्यांची तक्रार होती.

संघटनेने २००६ मध्येच विकसनशील देशांत लशीचे उत्पादन वाढवण्याची योजना आखली होती. तिच्या पहिल्या अनुदानांमध्ये ब्राझील, इंडोनेशिया, मेक्सिको, थायलंड आणि व्हिएतनाममधल्या उत्पादकांबरोबर सीरम इन्स्टिट्यूटचाही समावेश होता. भारतासाठी जिवंत लशीचा मार्ग निवडण्यामागे व्यावहारिक कारण होते. निष्क्रिय लशीच्या तुलनेत एका अंड्यातून जिवंत लशीचे कितीतरी पट जास्त डोस निघतात, सुई लागत नाही आणि उत्पादनाचा खर्च कमी. लेनिनग्राडचा, आता सेंट पीटर्सबर्गचा, दाता विषाणू वापरण्याचा परवाना संघटनेने मिळवला आणि तो पुढे विकसनशील देशांतल्या उत्पादकांना दिला. या हस्तांतरणात तिथल्या लारिसा रुडेन्को यांच्या प्रयोगशाळेचा मोठा हात होता.

२००९ चा ऑगस्ट

तयारी चालू असतानाच साथ आली, पण वेगळ्या दिशेने आणि वेगळ्या विषाणूची. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात डुकरांच्या विषाणूशी नाते असलेला नवा एच१एन१ सापडला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. भारतातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादेत आढळला. देशातला पहिला मृत्यू मात्र पुण्यात, ३ ऑगस्ट २००९ रोजी झाला. मृत्यू पावलेली मुलगी शाळेत शिकणारी होती आणि या बातमीने शहर हादरले.

पुढचे काही आठवडे पुण्यात स्वाइन फ्लू हा एकच विषय होता. महापालिकेच्या नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. मास्क मिळेनासे झाले तेव्हा लोक तोंडाला रुमाल आणि ओढण्या बांधून फिरू लागले. शाळा, महाविद्यालये आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवली गेली. गोपाळकाला आणि त्यानंतर आलेला गणेशोत्सव दबकतच पार पडला. घशाच्या नमुन्यांचा सगळा भार एनआयव्हीवर पडला. पुण्यातच एवढे रुग्ण का, याला एक उत्तर असे होते की शहरात तपासणीची सोय हाताशी असल्याने रुग्ण ओळखलेही इथेच जास्त गेले.

लस तयार झाली ती पुढच्या पावसाळ्यात. जून २०१० मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची टोचायची लस आली आणि जुलैमध्ये सीरमची नेझोव्हॅक. हे पांढरे सुकवलेले चूर्ण पाण्यात विरघळवून सुईऐवजी फवाऱ्याचे टोक बसवलेल्या सिरिंजमधून दोन्ही नाकपुड्यांत पाव-पाव मिलिलिटर फवारायचे. तीन वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्यांना ती देता येत असे. गरोदर स्त्रियांसाठी ती नव्हती. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचे जाहीर केले. नवा विषाणू मात्र गेला नाही. तो नेहमीच्या हंगामी विषाणूंपैकी एक होऊन राहिला आणि आजही दरवर्षी परत येतो. सीरमने मग त्याच्यासह तीन प्रकारांविरुद्धची हंगामी लस, नेझोव्हॅक-एस, तयार केली.

रक्तात न दिसणारे संरक्षण

टोचायच्या फ्लूच्या लशीला परवाना देताना एक सोयीचे माप वापरले जाते. लस घेतलेल्यांच्या रक्तातले हिमॅग्लुटिनिनविरोधी प्रतिपिंड मोजायचे. ते १:४० या पातळीला पोहोचले तर निम्म्या लोकांना संरक्षण मिळते असे धरायचे. नाकातल्या जिवंत लशीला हे माप लागू पडत नाही. ती घेतलेल्या मुलाच्या रक्तात प्रतिपिंड फारसे वाढलेले दिसत नाहीत, तरी ते मूल आजारापासून वाचू शकते. नाकातले आयजीए आणि टी-पेशी मोजता येतात, पण त्यांची किती पातळी म्हणजे संरक्षण, हे ठरलेले नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून या लशीचा निवाडा होत नाही. हजारो मुलांपैकी काहींना लस आणि काहींना दुसरे काही देऊन, वर्ष-दोन वर्षे त्यांच्यात कोणाला खरोखर इन्फ्लूएन्झा होतो हे पाहणे हाच एक खात्रीचा मार्ग.

पुण्याच्या लशीची अशी पहिली मोठी परीक्षा २०१३ मध्ये दोन देशांत झाली आणि दोन्हीकडून उलटसुलट उत्तरे आली. बांगलादेशातल्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये लशीतल्या प्रकारांशी जुळणाऱ्या विषाणूंपासून ५७.५ टक्के संरक्षण मिळाले. सेनेगलच्या ग्रामीण भागात त्याच वयाच्या मुलांमध्ये तीच लस दिली तेव्हा संरक्षण दिसलेच नाही. दोन्ही अभ्यास २०१६ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी अमेरिकेतही धक्का बसला. फ्लूमिस्ट घेतलेल्या मुलांमध्ये २०१५-१६ च्या हंगामात तिचा परिणाम केवळ ३ टक्के भरला, म्हणजे नसल्यासारखाच. जून २०१६ मध्ये तिथल्या लसीकरण सल्लागार समितीने ती पुढच्या हंगामात वापरू नये असे सांगितले. ब्रिटन आणि फिनलंडमध्ये मात्र तीच लस त्याच काळात निम्म्याहून थोडी जास्त परिणामकारक आढळली आणि त्या देशांनी ती चालू ठेवली. संशय २००९ च्या एच१एन१ पासून घेतलेल्या घटकावर गेला. तो उष्णतेत लवकर बिघडत होता आणि मुलांच्या नाकात पुरेसा वाढत नव्हता. तो बदलल्यावर अमेरिकेने २०१८-१९ पासून लस पुन्हा स्वीकारली. जिवंत लस नाकात वाढली तरच काम करते, आणि मुलाला आधी होऊन गेलेला संसर्ग, लशीतल्या प्रकारांची आपसातली चढाओढ, साठवणुकीतली थंडी यांपैकी कशानेही ती वाढ अडू शकते, हे या घटनांनी दाखवून दिले. भारतातल्या मुलांमध्ये काय होते, याचे उत्तर भारतातच शोधावे लागणार होते.

बल्लभगढ

ते शोधले गेले दिल्लीच्या दक्षिणेला, हरियाणात. दिल्ली-मथुरा रेल्वेमार्गावर फरीदाबादच्या पुढे बल्लभगढ आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, म्हणजे एम्सने, १९६५ मध्ये तिथे ग्रामीण आरोग्यसेवेचा प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा भाग पंजाबात होता. हरियाणा वर्षभराने वेगळा झाला. दयालपूर आणि छैंसा या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांखालच्या २८ गावांतले प्रत्येक घर, प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर अनेक दशके नोंदले जात आहे.

फ्लूच्या लशीची परीक्षा घेताना नोंदींचा हाच साठा सर्वांत मोलाचा ठरतो. खुद्द दिल्लीत फ्लू पसरायला अनुकूल वस्त्या कमी नाहीत. नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिमेचे पहाडगंज हे त्याचे ठळक उदाहरण : अरुंद गल्ल्या, शेकडो लॉज, रोज बदलणारे प्रवासी, आणि त्यांच्यात मिसळून राहणारी जुनी वस्ती. पण जिथे शेजारच्या खोलीतला माणूस दर दोन दिवसांनी बदलतो तिथे कोणाला लस दिली, कोण आजारी पडले आणि कोण निघून गेले याचा हिशेब लागत नाही. बल्लभगढच्या गावांत एकच मूल सलग तीन वर्षे दर आठवड्याला त्याच घरात भेटते. आणि शहराचा संसर्ग या गावांपासून दूर नाही. कामासाठी रोज दिल्ली-फरीदाबादला जाणारी माणसे तो संध्याकाळी घरी आणतात.

पहिला प्रयोग २००९ ते २०१२ या काळातला. एम्स, अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र आणि अलाबामा विद्यापीठ यांनी तो मिळून केला; शोभा ब्रूर, आनंद कृष्णन आणि वेन सलेंडर हे त्यातले प्रमुख संशोधक. तीन गावांतल्या घरांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. काही घरांतल्या सहा महिने ते दहा वर्षांच्या मुलांना टोचायची निष्क्रिय फ्लूची लस मिळाली, उरलेल्यांना पोलिओची टोचायची लस. दुसऱ्या गटाला नुसते मीठपाणी टोचण्यापेक्षा उपयोगी लस देणे नैतिकदृष्ट्या योग्य होते, आणि कोणाला काय मिळाले हेही त्यामुळे ओळखू येत नव्हते. आरोग्य कर्मचारी दर आठवड्याला घरोघर जात. घरात कोणालाही, मग ते लस घेतलेले मूल असो की आजी-आजोबा, ताप किंवा श्वसनाचा त्रास असला की नाकाघशातला नमुना घेतला जाई आणि एम्समध्ये पीसीआर चाचणी होई.

लस द्यायची वेळ आली ती नेमकी नोव्हेंबर २००९ मध्ये, स्वाइन फ्लू जोरात असताना. त्या वर्षीच्या हंगामी लशीत नवा एच१एन१ नव्हता. साहजिकच पहिल्या वर्षी लस घेतलेल्या मुलांमधले एकूण संरक्षण सुमारे २६ टक्केच भरले. दुसऱ्या वर्षी, लशीत नवा विषाणू आल्यावर, ते ४१ टक्क्यांवर गेले आणि तिसऱ्या वर्षी ७४ टक्क्यांवर. गाव तेच, हात तेच, उत्पादनाची रीतही तीच. बदलले ते फिरणारे विषाणू आणि लशीशी त्यांचे जुळणे. मुलांना लस दिल्याने घरातल्या इतरांना मिळणारे अप्रत्यक्ष संरक्षणही तपासले गेले, पण ते तिन्ही वर्षे सारखे दिसले नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षाच्या निकालावरून फ्लूच्या लशीला शाबासकी देणे किंवा तिला निकामी ठरवणे दोन्ही घाईचे, हे त्यांतून स्पष्ट झाले.

दुसरा प्रयोग नेमका जिवंत लशीसाठी आखला गेला. २०१५ ते २०१७ या काळात दोन ते दहा वर्षांच्या ३,००० हून थोड्या अधिक मुलांचे चार गट केले. एकाला पुण्याची नाकातली लस, दुसऱ्याला नाकात औषधरहित फवारा, तिसऱ्याला टोचायची निष्क्रिय फ्लूची लस आणि चौथ्याला टोचायची पोलिओची लस. कोणाला कोणती लस मिळाली हे मुलाच्या घरच्यांना, लस देणाऱ्या-नमुने घेणाऱ्यांना आणि आकडेमोड करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी नाकातल्या लशीने सुमारे ४० टक्के आजार टळले, टोचायच्या लशीने ६० टक्क्यांच्या जवळपास. दुसऱ्या वर्षी हा फरक मिटला. दोन्ही लशी ५० टक्क्यांच्या आसपास आल्या. २०२१ मध्ये आलेल्या या निकालाचा अर्थ असा की भारतीय मुलांमध्ये नाकातली लस काम करते. सेनेगलसारखी ती निकामी ठरली नाही. पण सुईच्या लशीपेक्षा ती सरस असेल, ही नैसर्गिक संसर्गाच्या अनुकरणातून निघालेली अपेक्षाही या दोन वर्षांत पुरी झाली नाही.

ऋतूचा प्रश्न

याच काळात देशभरातल्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. अमेरिका-युरोपात फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून तिथे लस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देतात आणि जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठीचे विषाणू फेब्रुवारीत निवडते. भारत उत्तर गोलार्धात असला तरी त्याच्या बहुतेक भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. एनआयव्हीच्या मनदीप चढ्ढा आणि देशभरातल्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०१३ च्या नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये हे मांडले. दिल्ली आणि पुण्यात जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास रुग्ण वाढतात. श्रीनगरमध्ये मात्र जानेवारी ते मार्च. लशीचे संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागते. त्यामुळे नोव्हेंबरात घेतलेली लस दिल्लीतल्या पुढच्या जुलैपर्यंत मंदावलेली असते. श्रीनगर वगळता बहुतेक शहरांत लस एप्रिल-मेमध्ये द्यावी, अशी शिफारस या अभ्यासाने केली.

फ्लू हा आपल्याकडचा मोठा आजार नाही हा जुना समजही याच वर्षांत खोटा ठरला. बल्लभगढबरोबर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरातही केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने आणि एनआयव्हीने २०१० पासून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची तपासणी केली. फ्लूमुळे दाखल होण्याचे प्रमाण वढूत बल्लभगढपेक्षा बरेच जास्त निघाले. यात रुग्णालये जवळ असण्याचा आणि दाखल होण्याच्या सवयीचा भाग होता. देशभरासाठी एकच आकडा काढणे किती अवघड, हेही त्यातून कळले.

कोविड आणि पुन्हा नाक

३० जानेवारी २०२० रोजी केरळमधल्या देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाचे निदान पुण्याच्या एनआयव्हीने पक्के केले. विषाणू वेगळा काढून वाढवण्याचे कामही इथेच झाले आणि तो हैदराबादच्या भारत बायोटेककडे गेला. त्यातून कोव्हॅक्सिन ही निष्क्रिय लस तयार झाली. सीरमने ऑक्सफर्डच्या संशोधनावर आधारलेली कोव्हिशील्ड बनवली. ३ जानेवारी २०२१ रोजी दोन्हींना तातडीच्या वापराची परवानगी मिळाली आणि १६ जानेवारीपासून लसीकरण सुरू झाले. दोन्ही दंडात टोचायच्या. गंभीर आजार आणि मृत्यू त्यांनी मोठ्या प्रमाणावर टाळले, पण २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला तेव्हा लस घेतलेल्यांनाही संसर्ग होऊ लागला आणि तो पसरूही लागला. इन्फ्लूएन्झाच्या संशोधकांना हे नवे नव्हते : रक्तातले प्रतिपिंड फुप्फुसे सांभाळतात, पण नाकाचे दार पुरते बंद करत नाहीत.

त्यामुळे नाकातल्या लशीचा विषय पुन्हा वर आला. भारत बायोटेकने अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे तंत्र घेऊन इन्कोव्हॅक ही लस केली. तिच्यात चिंपांझींच्या अ‍ॅडिनोव्हायरसचा निरुपद्रवी वाहक म्हणून उपयोग केला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली आणि २६ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीत ती औपचारिकपणे सुरू करण्यात आली. सुमारे ३,१०० जणांवर झालेल्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत प्रतिपिंड आणि सुरक्षितता मोजली गेली होती, तुलना कोव्हॅक्सिनशी होती. बहुतेक लोकांना तोवर संसर्ग होऊन गेला होता किंवा लस मिळाली होती, त्यामुळे तिने किती जणांचा आजार टाळला हे बल्लभगढसारखे मोजण्याची संधी राहिलीच नव्हती. रक्तात न दिसणारे संरक्षण कशाने मोजायचे, हा फ्लूच्या लशीपुढचा जुनाच पेच इथेही कायम राहिला.

आजची स्थिती

फ्लूची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. आरोग्य कर्मचारी, गरोदर स्त्रिया, दीर्घ आजार असलेले लोक, ज्येष्ठ आणि लहान मुले यांना ती घेण्याचा सल्ला दिला जातो, पण बहुतेकांना ती खाजगी दवाखान्यात पैसे देऊनच मिळते. जिथे ती दिली जाते तिथे पावसाळ्यापूर्वी देण्याचा सल्ला आता अनेक डॉक्टर देतात. लशीची रचनाही बदलते आहे : मार्च २०२० नंतर इन्फ्लूएन्झा बी विषाणूचा यामागाता हा वंश कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो लशीतून वगळण्याची शिफारस केली आणि चार प्रकारांच्या लशी पुन्हा तीन प्रकारांवर येऊ लागल्या.

मुलांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस आणायची की नाही, हे ठरवताना खर्च आणि मनुष्यबळ जितके महत्त्वाचे तितकाच मिळणारा लाभ. तो बल्लभगढच्या पाच वर्षांच्या नोंदींमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे : चांगल्या वर्षी चारातले तीन आजार टळतात, वाईट वर्षी चारातला एक, आणि सर्वसाधारणपणे निम्मे. सुई की फवारा, हा फरक त्यापुढे दुय्यम ठरला.